सर्वांना येता यावे म्हणून : नाशिकच्या प्राइड महोत्सवाच्या प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

उद्या घरोघरी गणपती बसणार असल्यामुळे बैठक तासाभरात आटोपायची होती, पण ती साडेआठपर्यंत चालली. विषय होता प्राइड महोत्सव, म्हणजे समलिंगी, पारलिंगी अशा सगळ्यांचा अभिमानाचा उत्सव. तारीख आम्ही मुद्दाम निवडली होती. सहा वर्षांपूर्वी याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्याचा निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ मधील भाग रद्द केला. त्या दुपारी मी कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, बातमी मोबाइलवर वाचत होते, आणि शेजारी चार माणसे असूनही त्यांपैकी एकालाही ती सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आपण हा महोत्सव कोणासाठी करतो आहोत, असा प्रश्न पुढच्या तीन महिन्यांत जेव्हा जेव्हा पडेल, तेव्हा त्या दुकानात उभ्या असलेल्या माझी आठवण व्हावी म्हणून ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

ठरले ते असे : डिसेंबरमधील एका रविवारी दुपारनंतर पदयात्रा, त्यानंतर मैदानावर कार्यक्रम आणि माहितीची टेबले. प्रवेशशुल्क नाही. नावनोंदणीचा अर्जही नाही, कारण कागदावर नाव लिहावे लागणार असेल तर ज्यांनी यावे असे आम्हाला सर्वाधिक वाटते तेच येणार नाहीत.

‘नाशिकमध्ये माणसे येणार तरी किती?’ ही शंका निघणारच होती. देशातील पहिली प्राइड पदयात्रा २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली, तेव्हा तिच्यात सुमारे पंधरा जण चालले होते. आज आमच्या बैठकीला चौदा जण होते.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

आजचा पूर्ण दिवस शब्दांवर गेला आणि तो सत्कारणी लागला असे माझे मत आहे.

फलकावर कोणता शब्द असावा, येथून सुरुवात झाली. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मराठी माणसाला लगेच कळतो, परंतु जन्मतः पुरुष ठरवलेल्या पण स्वतःला स्त्री म्हणवणाऱ्या पारलिंगी स्त्रीला त्यातील ‘तृतीय’ खटकते, तर नाशिक रोडच्या ज्या ज्येष्ठ गुरूंना सगळे ‘नानी’ म्हणतात त्यांना तोच शब्द आपला वाटतो, कारण त्यांच्या घराण्याची ओळख त्यात आहे आणि सरकारदरबारी त्यांना ज्या नावाने झगडावे लागले ते नावही तेच आहे. दोघींचेही म्हणणे खरे असल्यामुळे एक शब्द गाळून दुसरा ठेवण्याचा मार्ग आम्ही सोडून दिला. फलकावर समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी, आंतरलिंगी आणि अलैंगिक हे सर्व शब्द येतील, फलक लांब झाला तरी चालेल.

त्याहून अवघड प्रश्न व्यासपीठावरील निवेदनाचा निघाला. मराठीत ‘मी’ म्हटले की पुढच्याच क्रियापदात लिंग उघड होते : आलो की आले, म्हणालो की म्हणाले. आमच्यातील एक तरुण कार्यकर्ता स्वतःला पुरुषही मानत नाही आणि स्त्रीही मानत नाही. तीन वर्षांपासून घरी आपले बोलणे कसे चालते हे त्याने आज प्रथमच सविस्तर सांगितले. (येथे ‘त्याने’ हे त्याला विचारूनच लिहिले आहे, लेखी नोंदीत ते चालेल, असे त्याचे उत्तर आले.) ‘मी जेवलो’ किंवा ‘मी जेवले’ म्हणावे लागू नये म्हणून ‘माझे जेवण झाले’, ‘मी दमलो’ऐवजी ‘मला दमायला झाले’, ‘मी वाचतो आहे’ऐवजी ‘माझे वाचन चालू आहे’. आई म्हणते की हल्ली तू पुस्तकातल्यासारखे बोलतोस. आपल्या भाषेत ‘मला भूक लागली’, ‘मला आठवले’, ‘मला आनंद झाला’ अशी वाक्ये मुबलक आहेत आणि त्यांत बोलणाऱ्याचे लिंग कोठेच येत नाही, हे मला इतकी वर्षे मराठी बोलूनही जाणवले नव्हते. तीन वर्षे रोज प्रत्येक वाक्य मनात आधी जुळवून मग उच्चारणे किती थकवणारे असेल, याचा विचार बैठक संपल्यावरही मनातून गेला नाही.

त्यावरून निवेदनाचे नियम ठरले. ‘बंधू आणि भगिनींनो’ऐवजी ‘नाशिककरहो’. समोरच्याशी बोलताना ‘तुम्ही आलात’, ‘आपण सांगा’, कारण या रूपांत भेद राहत नाही. व्यासपीठावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचे आणि निवेदकाच्या कागदावर नावापुढे ते लिहायचे. स्वयंसेवकांच्या ओळखपत्रावर ज्याने त्याने निवडलेले नाव असेल, आधार कार्डावरचे नव्हे. त्याखाली ‘मला असे संबोधा’ अशी ओळ आणि रिकामी जागा राहील.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

आपल्याकडे कोणत्याही मंडळाचा उत्सव रक्तदान शिबिराशिवाय पूर्ण होत नाही, म्हणून आमच्या यादीतही ते पहिल्या दिवसापासून होते. आज ते खोडावे लागले. रक्तदात्यांच्या निवडीसाठी असलेली २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पारलिंगी व्यक्तींना आणि पुरुषांशी शरीरसंबंध असलेल्या पुरुषांना रक्तदानातून कायमचे वगळतात. त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण आज नियम तोच आहे. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची असतानाही व्यक्तीचे वर्तन न पाहता केवळ तिची ओळख पाहून तिला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. आपल्याच उत्सवात इतरांनी रक्तदान करायचे आणि आपण बाजूला उभे राहायचे, ही कल्पना कोणालाच सहन होईना. त्याऐवजी रक्तदाब आणि साखर तपासणीचे टेबल राहील, जेथे हात पुढे करणाऱ्या कोणालाही परत पाठवले जाणार नाही.

आजच्या तारखेला दुसरेही एक महत्त्व आहे आणि ते आमच्या येवल्याच्या कार्यकर्तीने लक्षात आणून दिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती तिच्या गावात, आणि त्याआधी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो येथे पंचवटीत. तिचे म्हणणे असे की, ‘सर्वांना प्रवेश’ हे शब्द या शहरात तरी हलकेपणाने छापू नयेत. ते छापायचे असतील तर आडगावहून, सिन्नरहून, येवल्याहून येणाऱ्या आणि खिशात जेमतेम परतीचे भाडे असणाऱ्या माणसाला खरोखर येता येईल का, हे आधी तपासावे. तिच्या सांगण्यावरून दोन बदल झाले. कार्यक्रम संध्याकाळी साडेसातपर्यंत संपवायचा, म्हणजे परतीची एसटी मिळेल. आणि सर्व घोषणा मराठीत आधी, इतर भाषांत नंतर. नानींनी तिसरी सूचना केली : सकाळची वेळ ठेवू नका, ज्या चेल्यांचे पोट बाजार मागण्यावर, म्हणजे दुकानादुकानांतून पैसे मागण्यावर, आहे त्यांची दिवसाची कमाई बुडेल. पदयात्रा दुपारी साडेतीनला.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता कालपासून लागू झाली. २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला मतमोजणी असल्यामुळे परवानगीचे अर्ज त्यानंतरच्याच तारखेसाठी करायचे ठरले. १५ डिसेंबर, रविवार नक्की.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी संपताच भद्रकालीतल्या टेलरकाकांकडे झेंड्याचे काम दिले. झेंडा तीस फूट लांब आणि सहा फूट रुंद असेल, एकेक फुटाचा एकेक पट्टा. काकांनी मापे लिहून घेतली आणि विचारले, ‘तुम्ही लोक सप्तरंगी म्हणता, मग पट्टे सहाच कसे?’

प्रश्न रास्त होता. गिल्बर्ट बेकर यांनी केलेला पहिला झेंडा २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत फडकला, तेव्हा त्यात आठ पट्टे होते. पुढे मागणी वाढली आणि गडद गुलाबी रंगाचे कापड पुरेसे मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. १९७९ मध्ये पट्ट्यांची संख्या सम करण्यासाठी फिरोजी रंगही काढला गेला आणि सहा उरले. हे ऐकल्यावर काका एकदम खुलले. ‘म्हणजे ताग्याचीच अडचण,’ ते म्हणाले. तिरंग्याच्या पट्ट्यांपासून मंडळांच्या पताकांपर्यंत आयुष्यभर त्यांनी हीच अडचण सोसली आहे. जांभळा त्यांना मेनरोडवर मनासारखा मिळाला नाही, तेव्हा ‘वांगी रंग नको, जांभळा म्हणजे जांभळा’ असे म्हणून त्यांनी स्वतः दुसरे दुकान शोधले. शिलाई त्यांनी नेहमीच्या दराने घेतली आणि झेंड्याच्या कडेला दुहेरी टीप मारली, कारण ओढला गेला तर तो तेथूनच उसवतो.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

माहितीच्या टेबलांचा मजकूर तपासला. पारलिंगी व्यक्तींसाठी ओळख प्रमाणपत्राचे टेबल सर्वांत मोठे राहील. २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळते, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करता येतो आणि त्यासाठी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरते. आजच्या, म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या, नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नाही. तरीही ‘आधी डॉक्टरांचा दाखला आणा’ असे सांगून लोकांना परत पाठवल्याचे दोन अनुभव आजच्या बैठकीतच पुढे आले. म्हणून नियमातील ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर चिकटवायचे, आणि ज्याला हवी त्याला त्याची प्रत द्यायची.

दुसरे टेबल बँक आणि शिधापत्रिकेचे. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतेही निर्बंध नाहीत, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे, अशी सूचना राज्यांना गेली आहे. विवाहाचा अधिकार १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला असताना या दोन कागदांचे मोल किती, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते. मागच्या महिन्यात मी आणि माझी जोडीदार संयुक्त खाते उघडायला गेलो. काउंटरवरच्या ताईंनी ‘नाते?’ असे विचारले, आम्ही ‘जोडीदार’ असे उत्तर दिले, त्यांनी थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिले आणि मग आम्ही नेलेला स्पष्टीकरणाचा कागद वाचून काम पूर्ण केले. अकरा वर्षे एका घरात राहिल्यानंतर आमची दोघींची नावे प्रथमच एका छापील ओळीत आली. टेबलावर त्या कागदाच्या शंभर प्रती ठेवायच्या.

मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक पत्रकाच्या मागे छापायचा; पत्रक घरी नेणे ज्यांना शक्य नाही त्यांनी तो पाठ करावा, असे स्वयंसेवकांनी सुचवावे.

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

मार्ग चालून पाहिला : गोल्फ क्लब मैदान, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तेथून त्र्यंबक रस्ता, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार आणि परत मैदान. सोबत चाकाची खुर्ची वापरणारे एक स्नेही होते आणि त्यांच्यामुळे हा मार्ग मला आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसला. पदपथावर चढायला उतार नाही, जेथे आहे तेथे रिक्षा उभ्या. त्यामुळे पदयात्रा रस्त्याच्या डाव्या कडेने आणि खुर्च्यांच्या वेगाने चालेल. पुढच्यांनी मागच्यांसाठी थांबायचे. ज्येष्ठांसाठी मागे दोन रिक्षा.

त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा रुग्णालय आणि सीबीएसजवळ न्यायालय आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो आणि तेथे ढोल वाजवता येत नाही. ढोल पथकातील मुले थोडी हिरमुसली. नाशिक ढोल नाशिकमध्येच बंद ठेवायचा, असा त्यांचा सूर होता. पण रुग्णालयाच्या भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाची आठवण ठेवणे हाही आपल्या कार्यक्रमाचाच भाग आहे, हे त्यांना पटले. फलक धरणाऱ्याने हात वर करताच टिपऱ्या थांबतील.

मैदानावरील फिरत्या स्वच्छतागृहांपैकी दोन ‘महिला’, दोन ‘पुरुष’ आणि दोन ‘सर्वांसाठी’ अशी पाटी लावून राहतील. ‘इतर’ ही पाटी कोठेही लागणार नाही.

८ डिसेंबर २०२४, रविवार

स्वयंसेवकांचे प्रशिक्षण. सर्वाधिक वेळ छायाचित्रांच्या प्रश्नाला गेला आणि मतभेदही येथेच झाले. तरुणांचे म्हणणे होते की, आपण दिसलो नाही तर या शहराला आपण आहोत हे कळणार कसे? त्यात तथ्य आहे. परंतु एका शिक्षिकेने सांगितले की, तिचा चेहरा एका फोटोत दिसला तर सोमवारी शाळेत काय होईल ते ती सांगू शकत नाही, आणि तरीही तिला यायचे आहे. जो लपून येतो त्याचे धैर्य उघडपणे येणाऱ्यापेक्षा कमी असते, असे मला वाटत नाही.

शेवटी नियम केला : ज्याला फोटो नको आहे त्याने मनगटावर पांढरी फीत बांधायची, आणि पांढरी फीत दिसली की कॅमेरा खाली. पत्रकारांनाही तेच सांगायचे. रस्त्यावरच्या लोकांच्या मोबाइलवर आपला ताबा नसतो, हेही प्रवेशाच्या ठिकाणी स्पष्ट लिहायचे, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही; ज्यांना रस्ता टाळायचा आहे त्यांनी थेट मैदानात यावे आणि तंबूच्या आत बसावे.

पदयात्रेच्या अग्रभागी नानी आणि त्यांच्या चेल्यांनी चालावे, असा प्रस्ताव मी मांडला. नानींनी विचारले, ‘पुढे ठेवता ते मानासाठी की फोटोसाठी?’ मला लगेच उत्तर देता आले नाही, आणि ते बरे झाले, कारण खरे उत्तर दोन्ही होते. त्यांनी ठरवले की त्या मध्यभागी, ज्येष्ठांच्या रिक्षांच्या पुढे चालतील, आणि अग्रभागी पालक असतील. मुलांसाठी आईबाप चालतात हे लोकांना आधी दिसू द्या, आमच्याकडे तर लोक रोजच बघतात, असे त्या म्हणाल्या. प्रस्ताव दुरुस्तीसह मंजूर झाला.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

मंडप उभा राहिला. थंडी वाढल्यामुळे ज्येष्ठांच्या जागेसाठी सतरंज्या आणि वीस शाली आणल्या. ओळखपत्रे लिहून झाली. झेंडा आला, टेलरकाकांनी पावतीवर ‘सहा पट्टे, बरोबर’ असे लिहिले आहे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार, रात्री साडेअकरा

विसरण्याआधी लिहिते.

साडेतीनला निघायचे होते, ते चारला निघालो, कारण एसटीने येणारे काही जण पोहोचायचे होते आणि त्यांच्यासाठी थांबावे यावर कोणाचेच दुमत नव्हते. पुढे सात पालक होते. नऊ म्हटले होते, दोघांना ऐन वेळी जमले नाही. निफाड तालुक्यातून आलेल्या एका काकूंनी डोक्यावरचा पदर एकदाही ढळू दिला नाही आणि झेंड्याची कडही एकदाही सोडली नाही.

त्र्यंबक रस्त्यावर फलक धरणाऱ्याने हात वर केला आणि ढोल थांबले. असे ठरलेले असूनही त्या शांततेची कल्पना मी केली नव्हती. एवढी माणसे चालत होती आणि ऐकू येत होते ते फक्त पायांचे आवाज, खुर्च्यांची चाके आणि नानींच्या चेल्यांचे पैंजण. रुग्णालयाच्या फाटकाजवळ हातात जेवणाचा डबा घेतलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी कडेने चालणाऱ्या आमच्या स्वयंसेवकाला हळू आवाजात विचारले, ‘कशाची मिरवणूक?’ त्याने सांगितले. ‘मग वाजवत का नाही?’ ‘आत पेशंट आहेत म्हणून.’ ‘माझाही आहे,’ ते म्हणाले, आणि फाटकापर्यंतची वीस-पंचवीस पावले आमच्यासोबत चालून आत गेले.

शालिमारला दोन-तीन तरुणांनी शेरेबाजी केली. स्वयंसेवकांनी शिकवल्याप्रमाणे उत्तर न देता मध्ये उभे राहून रांग पुढे जाऊ दिली. बंदोबस्तातील पोलीस ताईंनीही त्यांना हटकले. बाकी मार्गात लोक पाहत होते, काही हसत होते, काहींनी हात हलवला.

मैदानावर आमची एक चूक झाली. सांकेतिक भाषेच्या दुभाषींना व्यासपीठाच्या पश्चिम बाजूला उभे केले आणि मावळतीचे ऊन त्यांच्या मागून समोर बसलेल्यांच्या डोळ्यांवर आले. कर्णबधिर प्रेक्षकांना हात दिसतच नव्हते आणि ते आम्हाला वीस मिनिटांनी कळले. जागेची पाहणी मी सकाळी अकराला केली होती. कार्यक्रमाच्या वेळीच करायला हवी होती. निवेदन थांबवून क्षमा मागितली, जागा बदलली आणि पहिले मनोगत पुन्हा घेतले.

निवेदन त्या तरुण कार्यकर्त्याने केले. दोन तासांत त्याने स्वतःबद्दल बरेच सांगितले आणि एकदाही ‘आलो’ किंवा ‘आले’ म्हणावे लागले नाही. पण आज त्याचे बोलणे पुस्तकातल्यासारखे वाटले नाही.

ओळख प्रमाणपत्राच्या टेबलापाशी साडेसातनंतरही रांग होती. मंडपवाल्यांनी तेवढा एक दिवा राहू दिला.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

हिशेब जुळला. जमेपेक्षा खर्च किंचित जास्त आहे आणि तो आम्ही आपसांत वाटून घेतला. प्रमाणपत्राच्या टेबलावर ज्यांनी मदत मागितली त्यांच्यासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अर्ज भरण्याचे काम चालू राहील. बुधवारही सुचवला गेला होता, पण त्या दिवशी गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, आठवडे बाजार असल्यामुळे अनेकांना येता येणार नाही. पांढऱ्या फितीच्या नियमाचा भंग झाल्याची एक तक्रार आली. ते छायाचित्र आमच्याच एका स्वयंसेवकाने घेतले होते, ते काढून टाकले आणि संबंधित व्यक्तीला मी स्वतः भेटून आले.

स्वयंसेवकांनी ओळखपत्रे आठवण म्हणून घरी नेली. एक तेवढे परत आले. ते जिचे आहे तिने ते पाकिटात घालून दिले आणि सांगितले की, या नावाची वस्तू घरी ठेवता येत नाही, तेव्हा तुमच्याकडे राहू द्या, दुसऱ्या रविवारी आले की घालीन. झेंड्याच्या घडीवर ते पाकीट ठेवून कपाटाची किल्ली फाटकाशेजारच्या खिळ्याला लावली आहे.